अ‍ॅम्पच्या पाठीवरचे तीन आकडे

नाशिकहून लंडनला गिटारचा अ‍ॅम्प नेला तर बहुधा नुसता प्लग बदलून भागतं. तोच अ‍ॅम्प न्यू जर्सीत लावला तर दिवा जेमतेम मिणमिणतो आणि आवाज फुटत नाही. उलट, न्यू जर्सीच्या मामाने भाच्यासाठी पाठवलेला अ‍ॅम्प नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या घरात थेट भिंतीच्या सॉकेटला जोडला, तर पहिला सूर निघायच्या आत धूर निघू शकतो. तिन्ही वेळा अ‍ॅम्प धडधाकट असतो आणि माणूसही अडाणी नसतो. घात करते ती एक समजूत: परदेशातली अडचण पिनांची आहे आणि ती विमानतळावर मिळणाऱ्या अडॅप्टरने सुटते. पिनांचा प्रश्न खरोखर किरकोळ आहे. अ‍ॅम्पच्या पाठीवर, जिथे वायर आत जाते तिथे, तीन आकडे छापलेले असतात: व्होल्ट, हर्ट्‌झ आणि वॉट. समुद्र ओलांडायचा की नाही याचा निर्णय त्या तीन आकड्यांवरच घ्यायला हवा. आणि ते नीट वाचले तर बहुतेक वादकांनी अ‍ॅम्प घरीच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे आकडे देशोदेशी वेगळे का, याचं उत्तर इतिहासात आहे. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज पुरवायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या कार्बनच्या फिलामेंटला साधारण ११० व्होल्ट मानवत होते. अमेरिका त्याच आसपास राहिली. आज तिथे १२० आहेत. तेवढ्याच जाडीच्या तांब्यातून जास्त वीज पोचवता यावी म्हणून बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ च्या सुमारास दुपटीची, म्हणजे २२० व्होल्टची वाट धरली आणि युरोप हळूहळू तिच्यामागे गेला. आज भारत, ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया हे सगळे कागदोपत्री २३० व्होल्टचे. जपानात १०० व्होल्ट, आणि तिथे एकाच देशात टोकियोकडे ५० हर्ट्‌झ तर ओसाकाकडे ६०. कारण जुन्या काळी एका शहराने जर्मन जनित्रं आणली, दुसऱ्याने अमेरिकन. आपल्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या संचाचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या सॉकेटमधले ५० हर्ट्‌झ ते हेच. अमेरिकेतला तसाच संच मिनिटाला ३६०० फेरे घेतो.

आता अ‍ॅम्पच्या आत पाहू. भिंतीतून आलेली वीज आधी पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी वाइंडिंगमध्ये शिरते. लोखंडी पत्र्यांच्या कोअरवर गुंडाळलेली ही तांब्याची तार किती वेढ्यांची असावी, हे व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी धरूनच ठरवलेलं असतं. कोअरमधलं चुंबकत्व व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतं आणि हर्ट्‌झच्या प्रमाणात घटतं. १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी भरलेल्या ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ दिले तर व्होल्टेज जवळपास १.९ पट होतं आणि हर्ट्‌झ कमी झाल्याने आणखी १.२ पट भर पडते. म्हणजे कोअरवर सुमारे २.३ पट ताण. कुठलाही उत्पादक लोखंडात एवढी सवड ठेवत नाही, कारण लोखंडाला पैसे पडतात आणि वजनही वाढतं. कोअर संपृक्त झाला की प्रायमरीला अडवणारं काही उरत नाही. मग तिच्यातून जो करंट धावतो तो नुसत्या तारेच्या रोधावर थांबतो, आणि तो रोध अगदी थोडा असतो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत नाही, गुरगुरतो; वार्निशचा वास येतो. पलीकडच्या बाजूला व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ ऐवजी १२ च्या आसपास व्होल्ट मिळू पाहतात, आणि ४५० ते ५०० व्होल्ट सोसणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर त्याहून कितीतरी जास्त दाब येतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, फ्यूज आहे की, तो उडेल आणि अ‍ॅम्प वाचेल. कधी कधी तसं होतंही. पण अ‍ॅम्पमधला फ्यूज बहुधा टाइम-लॅग जातीचा, थोडा सबुरीने उडणारा असतो, कारण स्विच टाकताच येणारा क्षणिक झटका त्याला सोसायचा असतो. त्या सबुरीच्या काळात कपॅसिटर फुटू शकतो. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी जरा जाड फ्यूज घालून पुन्हा स्विच टाकायची आपल्याकडची सवय उरलेलं काम पुरं करते. उलट दिशेचा, म्हणजे आपला २३० चा अ‍ॅम्प १२० वर लावण्याचा प्रकार तुलनेने निरुपद्रवी: हीटर तापत नाहीत, आवाज येत नाही, बंद केला की अ‍ॅम्प होता तसाच राहतो. इथे जाणकार गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा दाखला देतात. त्याने आपल्या मार्शल अ‍ॅम्पला विजेचा दाब कमी-जास्त करणारा व्हेरिअ‍ॅक लावून व्होल्टेज उतरवलं होतं आणि त्यातून त्याचा प्रसिद्ध आवाज घडला. मग कमी व्होल्टेज चांगलंच नाही का? पण तो १२० वरून ९० च्या आसपास, म्हणजे पाऊणपटीपर्यंत उतरत होता, निम्म्यावर नाही. शिवाय हीटर सतत थंड ठेवणं व्हॉल्व्हच्या आयुष्याला मानवत नाही. तो हौसेने पत्करलेला खर्च होता, परदेश प्रवासावरचा तोडगा नव्हे.

बाजारात या कामासाठी तीन वस्तू मिळतात आणि दुकानदार तिन्हींना कन्व्हर्टर म्हणून मोकळा होतो. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. व्होल्टेजला तो हातही लावत नाही. दुसरी, प्रवासी सामानात मिळणारी हलकी डबी, जिच्यावर १६०० वॉटसारखा भरघोस आकडा असतो. ती आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचने विजेच्या लहरीचा तुकडा कापते आणि सरासरी खाली आणते. इस्त्रीला किंवा हेअर ड्रायरला ते चालतं, कारण त्यांना फक्त तापायचं असतं. अ‍ॅम्पला ती कापलेली लहर घातक आहे. तिसरी वस्तू म्हणजे खरा लोखंडी कोअरचा स्टेप-अप किंवा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. तो ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, हातात घेऊन पाहा: अ‍ॅम्पला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर काही किलोंचा असतो, ग्रॅमचा नाही. त्याची क्षमता मोजताना अ‍ॅम्पच्या नावातले वॉट धरायचे नाहीत. ते स्पीकरला जाणारे वॉट. ४० वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या पाठीवर १८० वॉट लिहिलेले असणं काही नवल नाही, आणि त्याला निदान ३०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा. पुरेपूर मापाचा घेतला तर तो तासाभरात हात लावू देत नाही.

इथे अमेरिकेतल्या मराठी घरांकडून एक रास्त प्रश्न येतो: इथून नेलेला मिक्सर अशाच ट्रान्सफॉर्मरवर वर्षानुवर्षं चटण्या वाटतो, मग अ‍ॅम्पचं एवढं काय? मिक्सरची मोटार कार्बन ब्रशची असते, तिला ५० काय आणि ६० काय, फरक पडत नाही, आणि ती एका वेळी दोन-चार मिनिटं चालते. अ‍ॅम्प तीन-तीन तास सलग चालतो, आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर त्याच्या स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. आणि मिक्सरचाच दाखला घ्यायचा तर तो पुरा घ्यावा: आपल्याच कंपन्या उत्तर अमेरिकेसाठी ११० व्होल्टचे मिक्सर वेगळे बनवतात. म्हणजे टिकाऊ उपाय आतल्या वाइंडिंगमध्ये आहे, हे त्यांनाही मान्य आहे. काही जण सुचवतात की अमेरिकन घरात कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचं सॉकेट असतंच, त्यावर लावावा. विजेच्या हिशेबाने हे चुकीचं नाही. पण तिथे दोन्ही तारा जिवंत असतात, तर आपल्या अ‍ॅम्पचा फ्यूज एकाच तारेवर असतो. आणि ज्या सभागृहात वाजवायचं तिथे स्टेजजवळ असं सॉकेट सापडायचं नाही.

ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, हर्ट्‌झ बदलत नाहीत. आपला ५० हर्ट्‌झचा अ‍ॅम्प ६० वर उलट थोडा थंड चालतो. अमेरिकेचा ६० चा अ‍ॅम्प आपल्या ५० वर मात्र कोअरवर वीस टक्के जास्त ताण घेतो. पाठीवर ५०/६० लिहिलं असेल तर चिंता नाही, नुसते ६० असतील तर लांबलेल्या मैफलीत ट्रान्सफॉर्मर किती तापतो यावर लक्ष हवं. सूर बदलेल का, अशी शंका काहींना येते. गिटारचा सूर तारेत ठरतो, त्यामुळे नाही. जुन्या हॅमंड ऑर्गनमध्ये मात्र सूर देणारी चाकं विजेच्या फ्रीक्वेन्सीवर फिरणाऱ्या मोटारीला जोडलेली असत. ६० चा ऑर्गन ५० वर लावला की तो सहाला पाच या प्रमाणात उतरे, म्हणजे कोमल गंधाराची पट्टी दाबली की षड्ज ऐकू येई. एका देशाची वीज दुसऱ्या देशाच्या वाद्याला किती खोलवर शिवते, याचा इतका सुरेल पुरावा दुसरा नाही.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते अर्थिंगबद्दल. गिटारच्या ब्रिजखालून एक बारीक तार जाते आणि धातूच्या सहाही तारांना अ‍ॅम्पच्या चासीशी जोडते. त्यामुळे हात तारांवर ठेवला की घरघर कमी होते. याचाच दुसरा अर्थ असा की वादकाचा हात सतत अ‍ॅम्पच्या पत्र्याला टेकलेला असतो. आता तीन पिनांपैकी मोठी पिन जात नाही म्हणून दोन पिनांचा अडॅप्टर लावला, किंवा स्टेप-डाउनच्या डब्याला अमेरिकन दोन फटींचंच सॉकेट असलं, तर आत काही बिघडताच तो पत्रा जिवंत होतो आणि अर्थ असलेल्या मायक्रोफोनला ओठ लागताच वाट पूर्ण होते. धोका एकट्या अ‍ॅम्पचा नाही. माइक आणि गिटार यांपैकी एकाचंही अर्थिंग तुटलेलं असलं तरी पुरे. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वॉन्झी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थ नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. स्वस्तातले स्टेप-डाउन बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांत एकच वाइंडिंग दोन्हीकडे वापरलेलं असतं आणि मेन्सपासून फारकत होत नाही. म्हणून तीन पिना आत आणि तीन पिना बाहेर, अर्थ सलग, एवढं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एवढा हिशेब मांडल्यावर अ‍ॅम्प घरी ठेवावा हे मत टोकाचं वाटू नये. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब २९ किलोंचा. विमानाच्या नेहमीच्या २३ किलोंच्या बॅगेत तो बसत नाही, त्यात ट्रान्सफॉर्मरची भर. बृहन् महाराष्ट्र मंडळाच्या सॅन होजेमधल्या २०२४ च्या अधिवेशनासारख्या मोठ्या सोहळ्याला जाणाऱ्या वाद्यवृंदाने अ‍ॅम्प तिथेच भाड्याने घ्यावा, आणि त्याचं मॉडेल आधी कळवावं. गिटार न्यावी, पेडल न्यावेत. पेडलच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर १००–२४० असं लिहिलेलं असलं तर त्याला खरोखरच फक्त पिन लागते. सरावाचे कित्येक छोटे अ‍ॅम्पही आता अशाच अडॅप्टरवर चालतात. लंडनला जाणाऱ्याला तर हा सगळा प्रश्नच हलका. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि तिथली वीज आपल्यासारखीच. आपल्या गोल तीन पिनाही मुळात जुन्या ब्रिटिशच, त्यांनीच १९४७ नंतर चौकोनी पिना घेतल्या.

हे झालं फेरीपुरतं. जो कायमचा तिकडे राहायला जातो किंवा तिकडून परत येतो, आणि ज्याचा अ‍ॅम्प त्याला जिवाभावाचा आहे, त्याला आयुष्यभर बाहेरचा डबा ओढत राहण्याची गरज नाही. मार्शल, व्हॉक्स अशा कित्येक जुन्या ब्रिटिश अ‍ॅम्पच्या पाठीवर व्होल्टेज निवडायची खटकी असते. काहींच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ११५ व्होल्टची दोन वाइंडिंग असतात: समांतर जोडली की अमेरिका, एकापुढे एक जोडली की नाशिक. हे नसेल तर ट्रान्सफॉर्मर बदलून किंवा नव्याने भरून घेता येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकला या कामाचे कसबी हात आहेत, मात्र शेतीपंपाची मोटार भरणारा आणि छोटा ट्रान्सफॉर्मर भरणारा हे दोन वेगळे कारागीर; दुसऱ्यालाच गाठावं, आणि ५० हर्ट्‌झवर चालणार आहे हे आधी सांगावं. फ्यूजही बदलावा लागतो: २३० वर १ अँपिअरचा असेल तर १२० वर २ चा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं काम हातात आल्यावर दुरुस्ती करणाऱ्याकडून हीटरचं व्होल्टेज मोजून घ्यावं. आत ४०० व्होल्टच्या पुढचे कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले राहतात, म्हणून स्वतः हात घालू नये. मीटरवर ५.७ ते ६.९ यांच्या दरम्यान आकडा आला तर काम बरोबर झालं आहे. त्याहून वर गेला तर अ‍ॅम्प तिथल्या तिथे बंद करून जोडणी पुन्हा तपासायला लावावी.