मूर्ती, देव आणि रिकामी जागा

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४४व्या अध्यायात, एक सुतार भेटतो. ओंडक्याच्या अर्ध्या भागावर तो भाकरी भाजतो, मांस शिजवतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्याच पाया पडतो. चित्र झकास आहे, पण ते मूर्तिपूजेच्या विरोधकाने काढलेले आहे. त्यावरूनच हिब्रूंचे शेजारी लाकडालाच देव मानायचे, हा पहिला गैरसमज रुजला.

बाबिलोनात मूर्ती घडली म्हणजे देव झाला, असे नव्हतेच. त्यासाठी ‘मीस पी’ म्हणजे मुख धुण्याचा विधी लागे. मूर्तीला नदीकाठच्या बागेत नेत, तिचे तोंड पुनःपुन्हा धूत. मग कारागिरांचे हात बांधून झाऊच्या लाकडी सुरीने ते तोडल्यासारखे करत, आणि कारागीर शपथेवर सांगत की ही मी घडवलेली नाही. आपल्याला प्राणप्रतिष्ठा आठवावी असाच हा प्रकार. यशयाचा सुतार अशी शपथ घेताना दिसत नाही, हे सोयीचेच म्हणायचे.

दुसरा गैरसमज असा, की हिब्रू लोक पहिल्यापासून एकच देव मानत. सिनाईतल्या कुंतिल्लत अजरूद येथे १९७५-७६ मध्ये उत्खनन झाले. तिथे इ.स.पू. ८००च्या सुमारास रांजणावर लिहिलेला एक आशीर्वाद सापडला, ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने दिलेला. याहवे हा हिब्रूंचा देव. अशेरा म्हणजे देवी की तिचा पवित्र खांब, यावर अभ्यासक अजून भांडतात. इतर देव भजू नका, ही बायबलमधली आज्ञाही मुळात इतर देव नाहीतच असे म्हणत नाही. दुसरे देव नाहीतच, हे ठामपणे म्हटले गेले इ.स.पू. सहाव्या शतकात, हिब्रूंच्या बाबिलोनमधल्या बंदिवासाच्या काळात.

देव रागावला म्हणून शत्रू जिंकला, हा विचारही एकट्या हिब्रूंचा नव्हता. मोआबचा राजा मेशा इ.स.पू. नवव्या शतकातल्या आपल्या शिलालेखात कमोश देवाबद्दल हेच सांगतो.

मग हिब्रूंचे वेगळेपण कशात? यरुशलेममधल्या शलमोन राजाच्या मंदिरात कोरीवकाम भरपूर होते. गाभाऱ्यात सोन्याने मढवलेले, दहा हात उंच दोन करूब, म्हणजे पंखधारी आकृत्या, उभ्या असल्याचे बायबल सांगते. पण त्यांच्या पंखांखाली देवाची मूर्ती नव्हती, होता तो कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी. पुढे बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात तोही नव्हता. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे त्याच्या गाभाऱ्यात शिरला, तेव्हा आत कोणत्याही देवाची मूर्ती नव्हती, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे.