लेबल झाका, तारीख वाचा

२००५ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकेतल्या पेल एल बिअरची एक चाचणी घेतली. परीक्षकांपुढे नुसते पेले आले; कोणत्या पेल्यात कोणाची बिअर आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. पहिला क्रमांक मिळाला तो कोलोरॅडोतल्या लायन्स या लहानशा गावातल्या ऑस्कर ब्लूज या ब्रुअरीच्या 'डेल्स पेल एल'ला. ही बिअर डब्यात मिळत असे. त्या काळी अमेरिकेत डबा म्हटले की स्वस्त, पाणचट, कारखानी माल डोळ्यांपुढे येई, आणि जाणकारांच्या पसंतीची आस धरणाऱ्या बहुतेक छोट्या ब्रुअरी बाटलीला चिकटून होत्या. डबे टेबलावर मांडून ठेवले असते तर निकाल हाच लागला असता का? सांगता येत नाही, पण शंकेला भरपूर जागा आहे. तीच शंका बिअरच्या प्रत्येक परीक्षणाबद्दल घ्यावी असे मला वाटते. पेल एलचे परीक्षण भरवशाचे होऊ शकते, मात्र त्यासाठी परीक्षकाने आधी स्वतःचे हात बांधून घ्यायला हवेत. तसे न करता पाचपैकी साडेचार तारे देणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या अपेक्षेलाच गुण देत असतो.

परीक्षेसाठी पेल एलच का निवडावी, याचे उत्तर ती बनते कशी यात आहे. सातूला मोड आणून ते भट्टीत वाळवले की माल्ट तयार होते. लाकडाच्या जाळावर ते करपट आणि धुरकट व्हायचे. इंग्लंडमध्ये दगडी कोळशापासून केलेला, धूर न करणारा कोक वापरात आल्यावर फिक्या रंगाचे माल्ट जमू लागले आणि त्यातून अठराव्या शतकात पेल एल रूढ झाली. लंडनच्या हॉजसनच्या बो ब्रुअरीची अशी बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईतल्या गोऱ्या साहेबांपर्यंत पोचत असे. पुढे १८२०च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या ब्रुअरींनी ही बाजारपेठ काबीज केली. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा तिथे अधिक धारदार लागतो. आजची अमेरिकी पेल एल मात्र एका फुलाची देणगी आहे. ऑरेगनमध्ये पैदास केलेली कॅस्केड ही हॉप्सची जात १९७२ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली, आणि १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको इथे सिएरा नेवाडा ब्रुअरीने तिच्या जोरावर आपली पेल एल काढली. पपनसाची साल सोलताना उडणारा वास आणि मागे किंचित पाइनचा चीक, अशी ही ओळख अमेरिकेतल्या शेकडो ब्रुअरींनी पुढे गिरवली. या बिअरमध्ये लपायला जागा नसते. स्टाउटमध्ये भाजक्या माल्टचा काळा करपट पडदा असतो, फळांच्या बिअरमध्ये फळ सगळे झाकते. पेल एलमध्ये फिके माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी एवढेच असते. आंबवताना तापमान चुकले की ते जिभेवर येतेच.

वेगवेगळ्या ब्रुअरींच्या पेल एल शेजारी शेजारी ठेवल्या की पहिली अडचण नावाचीच येते. यॉर्कशरमधल्या टिमथी टेलरची 'लँडलॉर्ड' ही पेल एलच. पिंपातून ओढलेली, ४.३ टक्के मद्यार्काची, फेस बेताचा, कडवटपणाला मातीचा आणि मुरंब्याचा वास. सिएरा नेवाडा ५.६ टक्के. 'डेल्स' ६.५ टक्के, म्हणजे जवळजवळ आयपीएच्या (इंडिया पेल एलच्या) अंगणात. तिघींना एकाच रांगेत उभे करून गुण दिले तर जिची हाक मोठी ती जिंकते. कडवटपणाचे एकक आयबीयू. एका लिटर बिअरमध्ये हॉप्स उकळून उतरलेली कडू आम्ले किती मिलिग्रॅम आहेत, याचा हा ढोबळ आकडा. सिएरा नेवाडाचा तो ३८ आहे. पण ३८ आयबीयू गोडसर माल्टच्या संगतीत सौम्य लागतात आणि कोरड्या, जिप्समयुक्त पाण्याच्या बिअरमध्ये टोचतात. म्हणजे डब्यावर छापलेला आकडा चव सांगत नाही, घटक सांगतो. अमेरिकेतल्या बीजेसीपी या परीक्षक-संघटनेने म्हणूनच प्रत्येक प्रकाराची चौकट आधी लिहून ठेवली आहे. अमेरिकी पेल एलसाठी ती साधारण साडेचार ते सव्वासहा टक्के मद्यार्क आणि ३० ते ५० आयबीयू अशी आहे. त्यांच्या गुणपत्रिकेत ५० पैकी २० गुण चवीला, १२ वासाला, १० एकूण परिणामाला, ५ तोंडात जाणवणाऱ्या घनतेला आणि फक्त ३ दिसण्याला आहेत. आजकाल बिअरचे फोटो ज्या उत्साहाने काढले जातात तो पाहता हे शेवटचे तीन मला फार आवडतात.

आता परीक्षकांविरुद्धचा पुरावा पाहू. तो मोठा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळाव्यातल्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली गेली, तेव्हा जेमतेम दहापैकी एकाचा निकाल तिन्ही वेळी पुरेसा जुळला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बिअरचीही वेगळी कथा नाही. तीन प्रसिद्ध युरोपीय लागर घेऊन केलेल्या एका प्रयोगात लोकांना वेगळा पेला ओळखता आला नाही. सगळ्यांत बोलका प्रयोग ली, फ्रेडरिक आणि एरिअली यांचा, २००६ मधला. बॉस्टन परिसरातल्या पबमध्ये त्यांनी बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे थेंब टाकून लोकांना दिली. काहीच न सांगता प्यायलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती साध्या बिअरपेक्षा आवडली. आधी सांगितलेल्यांनी नाक मुरडले. पिऊन झाल्यावर ज्यांना सांगितले त्यांची पसंती मात्र फारशी ढळली नाही. म्हणजे माहितीने मत नंतर बदलले असे नव्हे. घोट तोंडात असतानाच तिने चव घडवली. देवगडचा शिक्का असलेल्या पेटीतला आंबा जास्त गोड लागतो, तसेच.

यावरून बरेच जण असे ठरवतात की चाखण्याचा सगळा धंदा थोतांड आहे. हा निष्कर्ष घाईचा आहे. लागरचा प्रयोग मुद्दाम एकमेकींसारख्या केलेल्या, कमी हॉप्सच्या बिअरवर होता. लँडलॉर्ड आणि सिएरा नेवाडा यांतला फरक पहिल्यांदा बिअर पिणाऱ्यालाही कळेल. आणि वरच्या प्रयोगांत फसला तो आकडा किंवा अपेक्षा; नाक नेहमीच फसते असे त्यांतून सिद्ध होत नाही. उलट काही बाबतींत माणसाचे नाक थक्क करते. हॉप्सच्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की एक गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतकेच असले तरी त्याचा उग्र वास येतो. तपकिरी बाटली बराचसा उजेड अडवते, हिरवी आणि पांढरी फारच थोडा. डब्यात उजेड शिरतच नाही. लोण्याचा वास आला तर यीस्टला काम पुरे करू दिलेले नाही, हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर बहुधा कच्ची आहे, भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला तर ती जुनी आहे. ही मते नव्हेत. प्रत्येकामागे नाव असलेले संयुग आहे आणि ते यंत्राने मोजता येते. ब्रुअरींच्या प्रयोगशाळाही माणसाच्या नाकावरच विसंबतात, पण युक्तीने: तीन पेले, त्यांत दोन सारखे, वेगळा कोणता ते ओळखा. नुसता अंदाज बांधणारा तीनांत एकदाच बरोबर येतो, त्यामुळे कोणाला खरेच कळते आहे ते हिशेबाने दाखवता येते. (अशा थोड्या नमुन्यांच्या हिशेबाचे आजचे शास्त्र ज्या गॉसेटने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडले, तो गिनेस ब्रुअरीचाच नोकर होता.)

यंत्राने मोजता येणाऱ्या या दोषांत माझ्या मते पेल एलच्या परीक्षणात सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे ते वय. हॉप्सचा वास ज्या तेलांतून येतो ती उडून जातात, प्राणवायूने बिघडतात. उष्णतेत हे भराभर घडते. अमेरिकी ब्रुअरींत एक ठोकताळा सांगतात: ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस बिअरचे सारखेच नुकसान करतात. आकडे ढोबळ आहेत, दिशा पक्की आहे. तेव्हा एका ब्रुअरीची गेल्या आठवड्यात भरलेली आणि दुसरीची पाच महिने गोदामात पडलेली पेल एल शेजारी ठेवून निकाल देणारा ब्रुअरीची नव्हे, ट्रकची आणि दुकानदाराची परीक्षा घेतो. भरल्याची तारीख नसलेले परीक्षण मी तरी अर्धवटच समजतो. दुसरे पथ्य पूर्ण पेल्याचे. दोन घोटांत दणकट बिअर जिंकते. लोकांच्या ताऱ्यांवरून बनलेल्या याद्यांत वरच्या जागा दहा-बारा टक्क्यांच्या स्टाउटने आणि गढूळ डबल आयपीएने अडवलेल्या असतात त्या उगीच नव्हे. पेल एल मात्र संपवण्यासाठी केलेली असते. बिअरचे परीक्षक वाइनवाल्यांसारखे सहसा थुंकत नाहीत, कारण गिळल्यानंतर रेंगाळणारा कडवटपणा निकालाचा भाग असतो. त्यामुळे एका बैठकीत थोड्याच बिअर घ्याव्या लागतात. सहाव्या पेल्यानंतरचे मत नोंदवू नये.

यावर असे म्हटले जाते की लेबल हाही आनंदाचाच भाग आहे; आवडत्या ब्रुअरीची बिअर डोळे झाकून का प्यावी? बर्टनच्या बास ब्रुअरीचा लाल त्रिकोण हा १८७६ मध्ये ब्रिटनचा पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क झाला, आणि फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्या १८८२ च्या बारच्या चित्रात तो बाटलीवर दिसतो; पेल एल विकली गेली तीच चिन्हावर. हे मान्य. पिणाऱ्याने लेबल जरूर पाहावे, त्यासाठी पैसेही मोजावेत. पण दुसऱ्याला काय घ्यावे हे सांगायला बसलेल्याची जबाबदारी निराळी आहे. 'चव ज्याची त्याची' हेही खरे, आणि म्हणूनच आकड्यापेक्षा वर्णन उपयोगी. 'पपनसाची साल, बिस्किटासारखे माल्ट, शेवट कोरडा, भरून तीन आठवडे झालेली' एवढे वाचले की कडू न आवडणारा वाचक ती बिअर टाळेल आणि आवडणारा शोधत जाईल, दोघांचेही भले होईल. 'चार तारे' वाचून दोघांना काहीच कळत नाही.

महाराष्ट्रात या सगळ्याला आता व्यवहाराचा अर्थ आहे. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर पुण्या-मुंबईत जागेवरच बिअर बनवून नळातून देणाऱ्या जागा वाढल्या, आणि गोव्यातून डब्यांतली क्राफ्ट बिअर आपल्या दुकानांत येऊ लागली. डबाबंद बिअर आणि आपला मे महिना यांचा संबंध वरच्या ठोकताळ्याने लावून पाहावा: बंद ट्रकमधले चार दिवस पुरेसे असतात. डब्यावर तारीख छापलेली असते, ती आधी वाचावी, आणि फ्रीजमधला डबा घ्यावा, फळीवरचा नव्हे. नळाच्या बिअरला वाहतूक नाही, पण तिथे तारीखही दिसत नाही. पिंप कधी जोडले, हे काउंटरवर विचारावे लागते. नळ्या शेवटच्या कधी धुतल्या, हा त्यापुढचा प्रश्न. अस्वच्छ नळीतून आलेली पेल एल आंबूस लागते, आणि मग दोष बिचाऱ्या बिअर बनवणाऱ्याच्या नावावर जमा होतो.