फिट थांबली, पण डोके दुखते आहे



गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर प्रार्थना चालू असताना सातवीतील एका मुलाला फिट आली. आम्ही शिक्षकांनी गर्दी हटवली, त्याच्या डोक्याखाली दप्तर ठेवले, त्याला कुशीवर वळवले आणि घड्याळ पाहिले. साधारण दोन मिनिटांत फिट थांबली. सर्व काही नीट पार पडले म्हणून आम्हाला समाधान वाटले. तासाभराने मुलगा उठून वर्गात बसला. तिसऱ्या तासाला चाचणी होती. तो डोके धरून बाकावर कलंडला, तेव्हा आम्ही म्हणालो, "आता बरा आहेस ना? मग लिही बघू." त्याने चार ओळी लिहिल्या आणि मधल्या सुट्टीत उलटी केली.

संध्याकाळी त्याची आई न्यायला आली. ती शांतपणे म्हणाली, "सर, त्याला फिटची एवढी भीती वाटत नाही. ती आलेली त्याला कळतसुद्धा नाही. भीती वाटते ती नंतरच्या डोकेदुखीची."

ही गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. चूक आमची होती. त्या घरच्यांच्या संमतीने, मुलाचे नाव न देता, हा लेख लिहीत आहोत.

ही डोकेदुखी खरी असते

आपल्या भागात या आजाराला कोणी मिरगी म्हणतात, कोणी फेफरे, कोणी आकडी. आपले कन्नड शेजारी मूर्छे रोग म्हणतात. वैद्यकीय नाव अपस्मार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक फिटशिवाय जगू शकतात.

फिटनंतरची डोकेदुखी ही डॉक्टरांच्या पुस्तकात वेगळी नोंद असलेली तक्रार आहे. ती फिट संपल्यापासून तीन तासांच्या आत सुरू होते आणि ७२ तासांच्या आत थांबते. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत अपस्माराच्या दर दहा रुग्णांपैकी तीन ते पाच जणांना ती होते, असे आढळले आहे. म्हणजे आमचा विद्यार्थी अभ्यास चुकवण्यासाठी बहाणा करत नव्हता.

डोके का दुखते?

फिटमध्ये मेंदूतील असंख्य पेशी एकाच वेळी, ताळतंत्र सोडून विजेचे संदेश सोडू लागतात. त्या वेळी मेंदूला रक्त आणि प्राणवायू जास्त लागतो, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. मेंदूच्या आतल्या भागाला स्वतःला वेदना कळत नाही. मात्र त्याच्यावरील आवरणे आणि रक्तवाहिन्या यांना वेदना कळते. त्यांच्याभोवतीच्या नसा चाळवल्या की डोके ठणकू लागते. म्हणून ही डोकेदुखी बऱ्याचदा अर्धशिशीसारखी असते: ठणका, मळमळ, उजेड नको, आवाज नको.

शिवाय मोठ्या फिटमध्ये जबडा, मान आणि खांदे यांचे स्नायू घट्ट आवळले जातात. सवय नसताना दिवसभर ज्वारी काढली की दुसऱ्या दिवशी अंग जसे दुखते, तसेच हे दुखणे. सर्व अंगाला झटके देणाऱ्या फिटनंतर आणि मेंदूच्या मागच्या, दृष्टीशी संबंधित भागातून सुरू होणाऱ्या फिटनंतर डोकेदुखी जास्त प्रमाणात होते. ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांनाही ती अधिक होते.

फिटनंतर काय करावे?

१. मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ थांबावे. तोपर्यंत तोंडात पाणी, गोळी, चमचा काहीही घालू नये. घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. चप्पल किंवा कांदा हुंगवणे, हातात किल्ली देणे यांनी फिट थांबत नाही. बहुतेक फिट आपोआप थांबतात.

२. मूल स्वतःचे नाव आणि आजचा वार नीट सांगू लागले की आधी पाण्याचा एक घोट द्यावा. तो नीट गिळला तर आणखी पाणी किंवा ताक, आणि थोड्या वेळाने हलके खाणे द्यावे. उपाशीपोटी आणि तहानेने डोकेदुखी वाढते.

३. डोक्यावरून हात फिरवून टेंगूळ किंवा जखम आहे का ते पाहावे. पडताना लागलेला मार हेही डोकेदुखीचे कारण असू शकते.

४. अंधाऱ्या, शांत खोलीत कुशीवर झोपू द्यावे. अधूनमधून कोणीतरी जाऊन पाहावे. कपाळावर ओले फडके ठेवावे आणि मान, खांदे हलक्या हाताने चोळावेत.

५. वेदनेसाठी साधारणपणे पॅरासिटामॉल दिले जाते. मुलाच्या वजनानुसार किती द्यायचे हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्यावे. सोळा वर्षांखालील मुलांना अ‍ॅस्पिरीन देऊ नये. ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी फिट येण्याची शक्यता वाढते. म्हणून दुकानातून "जोरदार गोळी द्या" म्हणून आणू नये, शेजाऱ्यांची उरलेली गोळीही देऊ नये.

६. फिटची रोजची गोळी डोकेदुखीमुळे चुकवू नये. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

केव्हा थांबू नये?

फिट पाच मिनिटांहून जास्त वेळ चालली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली किंवा आयुष्यातील पहिलीच फिट असली, तर तडक दवाखान्यात न्यावे. तसेच डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, तापाबरोबर मान ताठ झाली, हातपाय एका बाजूने लुळे पडले, डोक्याला मार लागला असताना मूल गुंगीत जाऊ लागले, किंवा तीन दिवसांनंतरही डोके दुखत राहिले, तर वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर फोन करावा.

डॉक्टरांना सांगा

आपण बीदर, कलबुर्गी, सोलापूर किंवा हैदराबादला मुलाला घेऊन जातो. डॉक्टर विचारतात, "किती फिट आल्या?" आपण आकडा सांगतो, गोळ्या घेतो आणि बस पकडतो. डोकेदुखीचा विषय निघतच नाही. म्हणून एक साधी वही ठेवावी. तिच्यात तारीख, फिटची वेळ, ती किती मिनिटे चालली, डोके केव्हापासून केव्हापर्यंत दुखले, कोणत्या बाजूला, उलटी झाली का आणि कोणती गोळी दिली, एवढेच लिहावे.

या वहीतून डॉक्टरांना पुष्कळ कळते. फिट नसतानाही डोके दुखत असेल तर अर्धशिशी किंवा दुसरे कारण शोधता येते. काही औषधे फिट आणि अर्धशिशी या दोन्हींसाठी वापरली जातात. कोणते औषध कोणाला द्यायचे, हे मात्र डॉक्टरच ठरवतात. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळी घ्यावी लागत असेल तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते, हेही वहीतून दिसते. आणखी एक महत्त्वाची खूण आहे. मूल सकाळी डोके धरून उठते, जीभ चावलेली आहे, अंथरूण ओले आहे, तर रात्री झोपेत कोणाच्या नकळत फिट येऊन गेलेली असू शकते. हेही जरूर लिहावे.

या डोकेदुखीवरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे फिटच येऊ न देणे. त्यासाठी औषध रोज ठरल्या वेळी घ्यावे, पुरेशी झोप घ्यावी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये. परीक्षेच्या दिवसांत रात्री जागून अभ्यास करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

लपवू नका

मुलीचे लग्न जमणार नाही या भीतीने काही घरांत आजारच लपवला जातो. मग डोकेदुखीही मुकाट्याने सोसावी लागते. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहातील अडसर मानला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायदा बदलला, आता आपली मने बदलायला हवीत. स्वतः फिटचा अनुभव घेतलेल्या यशोदा वाकणकर पुण्यात 'संवेदना' हा अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा आधारगट चालवतात. आपल्या राज्यात बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या साहाय्याने २०२२ मध्ये कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह हा उपक्रम सुरू झाला.

मुलांनो, दक्षिण आफ्रिकेचा जॉन्टी ऱ्होड्स तुमच्या वडिलांना नक्की आठवत असेल. १९९२ च्या विश्वचषकात हवेत झेप घेऊन त्याने इंझमामला धावबाद केले. त्यालाही अपस्मार आहे आणि ते तो उघडपणे सांगतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही शाळेत तीन गोष्टी ठरवल्या आहेत. कार्यालयाशेजारच्या खोलीत एक खाट आणि खिडकीला जाड पडदा राहील. फिट आलेल्या मुलाची त्या दिवशी चाचणी घेतली जाणार नाही, ती नंतर घेतली जाईल. आणि शाळेत फिट आल्यास त्याची नोंद लिहून पालकांच्या हाती दिली जाईल. विश्वस्त मंडळींनी पडदा आणि खाट यांची सोय तत्काळ केली, त्याबद्दल आभार.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाला फिट येत असतील तर वर्गशिक्षकांना सांगावे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत शाळेत द्यावी. ही माहिती शिक्षकांपुरतीच राहील. आणि विद्यार्थी मित्रांनो, फिटनंतर तुमचा मित्र डोके धरून बसला असेल तर त्याला चिडवू नका, प्रश्न विचारून भंडावू नका. खिडकी लावा, आवाज कमी करा, पाणी आणून द्या आणि आम्हाला हाक मारा. या वेळी आम्ही त्याला "लिही बघू" म्हणणार नाही.