करडांची हगवण आणि जलसंजीवनी : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

बुलढाणा जिल्ह्याची भूमी घाटावरचा भाग आणि घाटाखालचा भाग अशा दोन खंडांत विभागलेली आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे तालुके घाटावर येतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्याच्या बाजूस पसरलेले आहेत. दोन्ही भागांत अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या संसाराला शेळीचा आधार असतो. सणावाराला, आजारपणाला किंवा मुलांच्या शिक्षणाला लागणारा पैसा पुष्कळदा बोकड विकूनच उभा राहतो. अशा घरी दोनतीन करडे हगवणीने दगावली, तर वर्षाची शिल्लकच नाहीशी होते. हगवण लागलेले लहान करडू एका रात्रीतही दगावू शकते. पशुवैद्य येण्यापूर्वीचे हे काही तास पाळणाऱ्याच्या हाती असतात. त्या वेळी घरात कोणते द्रव्य पाजले जाते, यावर करडाचे जगणे अवलंबून असते. ते द्रव्य कोणते असावे आणि कोणते असू नये, याचा शास्त्रीय विचार येथे केला आहे.

मृत्यूचे खरे कारण

नवजात करडाच्या शरीरात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. हगवणीत ते पाणी एकटे जात नाही. त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट हेही शरीराबाहेर जातात. पाणी गेल्याने रक्ताचे आकारमान घटते व अभिसरण मंदावते. बायकार्बोनेट गेल्याने रक्तातील आम्लता वाढते. हगवण कोणत्याही जंतूने लागली असली, तरी बहुतेक करडांचा अंत या दोन घटनांनी होतो. म्हणूनच गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हा उपचाराचा पहिला टप्पा ठरतो. कारणाचा शोध महत्त्वाचा असला तरी त्याच्यासाठी हा टप्पा थांबवता येत नाही.

झालेली हानी बाह्य लक्षणांवरून ताडता येते. शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी गेले असता लक्षणे जेमतेम जाणवतात. ६ ते ८ टक्क्यांच्या हानीत डोळे किंचित खोल जातात आणि मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडली असता पूर्ववत होण्यास दोन ते चार सेकंद लागतात. ८ टक्क्यांच्या पुढे डोळे स्पष्ट खोल जातात, तोंड कोरडे पडते, पाय व कान गार लागतात. १० ते १२ टक्क्यांवर करडू आडवे पडते आणि बोट तोंडात दिले तरी चोखत नाही. चोखण्याची प्रेरणा नाहीशी होणे ही तोंडावाटे होणाऱ्या उपचाराची सीमा होय. त्यापुढे शिरेवाटे द्रव देणे हाच मार्ग उरतो व ते काम पशुवैद्याचे आहे.

मानवी वैद्यकातून आलेले तत्त्व

आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकाच्या द्वारे जोडीने प्रवेश करतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. अनेक प्रकारच्या हगवणीत आतड्यातून स्राव वाढलेला असूनही ही वाहकव्यवस्था बऱ्याच अंशी शाबूत राहते. या तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावरील प्रत्यय १९७१ मध्ये बंगालमधील बनगाव येथे आला. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे द्रावण तोंडावाटे देण्याची व्यवस्था केली आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. मराठीत 'जलसंजीवनी' या नावाने रूढ झालेले द्रावण ते हेच.

करडाच्या आतड्यातही हीच व्यवस्था आहे. म्हणून जलसंजीवनी त्याला लागू पडते. मात्र मानवी उपचार करडाला जसाच्या तसा लावता येत नाही. तीन ठिकाणी फरक पडतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी घरगुती उपचार चुकतात.

साखर आणि ग्लुकोज

पहिला फरक साखरेचा. माणसाच्या मुलासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण प्रसिद्ध आहे. माणसाच्या आतड्यातील सुक्रेज हे विकर साखरेचे विघटन करून ग्लुकोज मोकळे करते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात हे विकर नसते. करडाला पाजलेली साखर न पचता आतड्यात पुढे सरकते, स्वतःकडे पाणी ओढून घेते आणि हगवण वाढवते. गुळातही मुख्यत्वे हीच शर्करा असल्याने गूळपाणी तितकेच निरुपयोगी ठरते. भाताची पेज माणसाच्या मुलाला उपकारक असली, तरी पहिल्या काही आठवड्यांत करडाची पिष्ट पचवण्याची शक्ती अल्प असते. यास्तव करडासाठी ग्लुकोजयुक्त पुडीच वापरावी. घरात साखर आहे, पुडी नाही, या अडचणीवर खरा उपाय म्हणजे पुड्या आधीच आणून ठेवणे.

आम्लतेचा प्रश्न

दुसरा फरक आम्लतेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. म्हणजे लिटरमागे सोडियम ७५, पोटॅशियम २०, क्लोराईड ६५ व ग्लुकोज ७५ मिलिमोल. सोडियम व पोटॅशियम यांच्या बेरजेतून क्लोराईड वजा करता ३० उरतात. हा आकडा द्रावणाच्या आम्लनिवारक शक्तीचा निदर्शक होय. वासरांसाठी तयार केलेल्या द्रावणांत तो ६० ते ८० ठेवण्याची शिफारस आहे. सौम्य व मध्यम हगवणीत मानवी पुडी पुरेशी ठरते. परंतु करडू सुस्त होऊन झुलू लागले, तर ती अपुरी पडते आणि पशुवैद्याकरवी क्षारीय द्रव देणे आवश्यक होते.

खारपाणपट्ट्यातील पाणी

तिसरा फरक पाण्याचा असून तो या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष आहे. घाटाखालील पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारट आहे. सूत्रातील आकडे शुद्ध पाणी गृहीत धरून काढलेले असतात. समजा, एखाद्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे २ ग्रॅम मीठ आहे. तेवढ्याने सोडियम व क्लोराईड प्रत्येकी सुमारे ३४ मिलिमोलने वाढतात. सोडियम ७५ वरून १०९ वर व क्लोराईड ६५ वरून ९९ वर जाते. ग्लुकोज व सोडियम यांचे सम प्रमाण मोडते आणि मुळातच बेताची असलेली आम्लनिवारक शक्ती क्लोराईडच्या भाराखाली वाढू शकत नाही. एवढ्या फरकाने करडू मरेल असे नव्हे. परंतु पाणी याहून खारट असेल, अथवा पुडी लिटरऐवजी पेलाभर पाण्यात कालवली असेल, तर रक्तातील सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होण्याचा धोका संभवतो. पाण्यात सल्फेट असल्यास ते स्वतःच सारक असते. तेव्हा या पट्ट्यात द्रावणासाठी नळाचे अथवा साठवलेले पावसाचे गोडे पाणी उकळून, निववून वापरावे. घाटावर ही दक्षता सहसा लागत नाही. एकाच जिल्ह्यात एकच सल्ला दोन ठिकाणी निराळा द्यावा लागतो.

मात्रा व पद्धती

चार किलो वजनाच्या करडाची हानी ८ टक्के मानल्यास तूट ३२० मिलिलिटर होते. दैनंदिन गरज किलोमागे ८० मिलिलिटर धरून आणखी ३२० आणि चालू हगवणीपोटी अदमासे २०० मिळवता चोवीस तासांची बेरीज ८४० मिलिलिटर येते. ही सहा वेळांत वाटल्यास एका वेळी १४० मिलिलिटर द्यावे लागतात; एका वेळी किलोमागे ५० मिलिलिटरची मर्यादा ओलांडू नये. द्रावण बाटलीच्या बोंडाने चोखू द्यावे. चोखत नसलेल्या करडाच्या घशात ते ओतल्यास फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

दूध बंद करू नये. दूध तोडले तर हगवण कमी झाल्यासारखी दिसते, पण करडू उपासमारीने खंगते. मात्र सायट्रेटमुळे चौथ्या जठरात दूध नीट विरजत नाही. म्हणून दूध व द्रावण यांत सुमारे दोन तासांचे अंतर असावे. गारठलेल्या व उपाशी करडाला शेकण्यापूर्वी ग्लुकोज मिळणे आवश्यक असते. अन्यथा ऊब मिळताच रक्तातील शर्करा घटून झटके येतात.

कारणांचा विचार

कारणाचा अंदाज वयावरून बांधता येतो. पहिल्या काही दिवसांत कोलाय जंतू, त्यानंतर दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यापर्यंत रोटाव्हायरस व क्रिप्टोस्पोरिडियम यांचा संभव अधिक. तीन आठवड्यांनंतर, विशेषतः ओल्या व दाटीच्या गोठ्यात, कॉक्सिडिया हे आदिजीव प्रमुख ठरतात. लेंडीच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीने त्यांची खात्री पटते. एकाएकी धान्य अधिक खाल्ल्यावर आंत्रविषार होतो. हगवणीबरोबर ताप, नाकाडोळ्यांतून स्राव व तोंडात व्रण असल्यास पीपीआर या विषाणुरोगाची शंका घेऊन त्वरित कळवावे. विषाणू व क्रिप्टोस्पोरिडियम यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. सरसकट प्रतिजैविक देण्याने खर्च वाढतो व जंतूंची प्रतिकारशक्ती बळावते. क्रिप्टोस्पोरिडियम माणसांनाही लागतो. करडे घरातच बांधली जातात तेथे हात धुणे हा उपचाराचाच भाग मानावा.

प्रतिबंधाचा पाया चीक हा आहे. शेळीच्या वारेतून गर्भाला प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती चिकातूनच येतात, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतरच्या तासांत झपाट्याने ओसरते. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही काही ठिकाणची समजूत या दृष्टीने घातक होय. पहिल्या तासात चिकाचा आरंभ व्हावा आणि चोवीस तासांत वजनाच्या सुमारे दशांश इतका चीक पोटात जावा.

सारांश, जलसंजीवनीचे तत्त्व माणसाचे व करडाचे एकच आहे. परंतु तिचा तपशील करडाच्या विकरांप्रमाणे आणि गावाच्या पाण्याप्रमाणे बदलतो. लगतच्या अकोल्यास पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था असल्याने गावोगावच्या पाण्यातील क्षार मोजून त्यानुसार द्रावणाचे प्रमाण सुचवणे हा विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्याजोगा विषय आहे. त्याचे फळ पुन्हा त्या घरापर्यंत पोहोचले पाहिजे, जेथे रात्री करडू आजारी पडते आणि चुलीशेजारच्या डब्यात हाताशी फक्त साखर असते.