लग्नाच्या डीव्हीडीला कुलूप नसतं

जंजिऱ्याचं नव्हे, लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड. इथे काय किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात काय, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची लग्नं आज कपाटात डीव्हीडी होऊन पडली आहेत. प्लेअर भंगारात गेला. घरात उरला तो पोराचा जुना लॅपटॉप. विंडोज रखडायला लागली म्हणून त्यावर उबुंटू टाकलेलं. वर कुणीतरी सांगतं, लिनक्सवर डीव्हीडी चालत नाही. हे अर्धंच खरं.

चालत नाही ती दुकानातून विकत घेतलेल्या सिनेमाची. तिच्यावर सीएसएस नावाचं कुलूप असतं, ४० बिटांच्या किल्लीचं. म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. पण मूळ रचनाच कच्ची, त्यामुळे १९९९मध्ये ते फुटलं. नॉर्वेच्या योन योहानसन या पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव त्यात पुढे आलं, खटला चालला आणि २००३मध्ये तो निर्दोष सुटला. तरीही कायद्याच्या धास्तीने उबुंटू हे कुलूप उघडणारी 'लिबडीव्हीडीसीएसएस' ही लायब्ररी सोबत देत नाही. ती वेगळी बसवावी लागते. अडचण यंत्राची नाही, वकिलांची आहे.

फोटो स्टुडिओवाल्याने कुलूप कशाला लावावं? लग्नाच्या डिस्कमध्ये 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर असतं, त्यात व्हीओबी फायली. एक फाईल १ जीबीच्या वर जात नाही, म्हणून हळद एकीत तर मंगलाष्टकं दुसरीत. सुटी फाईल उघडण्यापेक्षा व्हीएलसी प्लेअरला अख्खं फोल्डर द्यावं. क्रम आयएफओ फायली सांभाळतात. अक्षता उडताना कडा करवतीसारख्या दिसल्या तर डिस्क खराब समजू नये. त्या काळचे बरेच कॅमेरे सम आणि विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या फरकाने टिपत. व्हीएलसीत 'डी' दाबून पाहावं.

खरा धोका वेगळाच. घरी किंवा स्टुडिओत 'बर्न' केलेल्या डिस्कमध्ये चित्र सेंद्रिय रंगाच्या थरात असतं, आणि ऊन, उष्णता, दमट हवा तो थर खराब करतात. आपल्याकडचा मे महिना त्याला मानवणारा नाही. डिस्क अडखळू लागली असेल तर 'डीडीरेस्क्यू' वापरावं: ते आधी वाचता येईल तेवढं उचलतं, मग बिघडलेल्या जागी पुन्हा फिरतं. त्यातून तयार होणारी आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, साध्या एकथरी डिस्कसाठी ४.७ जीबीपर्यंत जाते. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल तो घेणार नाही. आधी एक्सफॅट करून घ्यावा.