प्रिमो कार्नेरा : उसना जयजयकार आणि कष्टाची भाकरी

'तालीम' हा शब्द आपल्या मराठीत दोन घरी नांदतो. पैलवान जेथे जोर-बैठका काढतो ती तालीम, आणि गवई उस्तादासमोर बसून जे शिक्षण घेतो तीही तालीमच. आपल्यासारख्या संस्थानी गावांतून तर पैलवान आणि गवई हे दोघे पूर्वी एकाच दरबाराच्या आश्रयावर जगले. दोघांचाही दिवस पहाटेच्या मेहनतीने सुरू होई, आणि दोघांचीही परीक्षा शेवटी चारचौघांसमोर होई. म्हणून गाणे शिकविणाऱ्या माणसाने एका मुष्टियोद्ध्यावर लिहिले, तर वाचकांनी फारसे नवल मानू नये. ज्याला तालमीच्या आधी टाळ्या मिळाल्या, अशा एका अवाढव्य माणसाची ही हकीकत आहे.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउली प्रांतात, सेक्वाल्स नावाचे एक लहानसे गाव आहे. रंगीत दगडांच्या तुकड्यांची नक्षीदार फरशी बसविणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणून त्याची ख्याती. तेथे ऑक्टोबर १९०६ मध्ये प्रिमो कार्नेराचा जन्म झाला. घर गरीब, आणि मुलाची वाढ मात्र घराच्या ऐपतीबाहेरची! पुढे त्याची उंची सहा फूट साडेपाच इंच भरली, आणि वजन २६० पौंडांच्या पुढे गेले. पोटाची खळगी भरण्यासाठी हा मुलगा कोवळ्या वयातच फ्रान्समध्ये गेला. तेथे एका फिरत्या सर्कसवाल्याच्या नजरेस तो पडला. मग काय, गावोगावच्या जत्रांतून वजने उचलावी, आणि कोणी हौशी गडी पुढे आला तर त्याच्याशी कुस्ती खेळावी, असा त्याचा उद्योग सुरू झाला. जाहिरातीत त्याला स्पेनचा अजिंक्य वीर म्हणून मिरवीत; स्पेनशी त्याचा संबंध तेवढाच.

१९२८ साली पॉल जुर्ने नावाच्या एका निवृत्त फ्रेंच मुष्टियोद्ध्याने त्याला पाहिले आणि लेओं से या व्यवस्थापकाच्या स्वाधीन केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कार्नेरा पॅरिसमध्ये पहिली धंदेवाईक लढत खेळला आणि दुसऱ्याच फेरीत जिंकला. कुस्तीचा गडी मुष्टियोद्धा झाला तो असा, झटपट. वस्तुतः या दोन विद्या अगदी निराळ्या. कुस्तीत अंगाला अंग भिडवून प्रतिपक्ष्याचा भार अजमावायचा. मुष्टियुद्धात अंतर राखायचे, पावले हलती ठेवायची आणि नेमक्या क्षणी हात टाकायचा. तो क्षण ओळखण्याची नजर वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते. कार्नेराला ती वर्षे कोणी दिली नाहीत.

१९३० च्या जानेवारीत त्याला अमेरिकेत आणले गेले. २४ तारखेला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'बिग बॉय' पीटरसन पहिल्याच फेरीत आडवा झाला, आणि वर्तमानपत्रांना एक नवा दैत्य मिळाला. मग गावामागून गाव, विजयामागून विजय! परंतु या विजयांना एक विचित्र वास येऊ लागला होता. एप्रिलमध्ये ओकलंड येथे बॉम्बो शेव्हालिये हा प्रतिस्पर्धी चांगला टिकाव धरून असता त्याच्याच सहायकाने टॉवेल फेकून हार कबूल केली. त्यावर मोठा गहजब झाला आणि चौकशी बसली. कार्नेराच्या मागे आता ओनी मॅडन, बिल डफी अशी न्यूयॉर्कच्या चोरट्या दारूच्या धंद्यातील मंडळी होती. समोरच्याला पैसे चारून वा दमदाटी करून 'पड' म्हणून सांगणे, हे त्यांच्या हातचे काम.

आणि यातली खरी दुःखाची गोष्ट पुढेच आहे. कित्येक लढती अगोदर ठरलेल्या असत, हे पुढे १९३४ साली लेओं से याने स्वतःच पुस्तक लिहून कबूल केले. आणि हा सौदा कार्नेराच्या कानावर घातला जात नसे, असेही त्याचे म्हणणे होते. समोरचा गडी कोसळला की तो आपल्याच ठोशाने कोसळला, अशी या भोळ्या माणसाची समजूत होत असे.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थी होता. आवाज मोठा गोड, घरची मंडळी हौशी, आणि त्याला लौकर बैठकीवर बसविण्याची सर्वांना घाई. लयीला मात्र तो कच्चा होता. गणेशोत्सवातील कार्यक्रमाआधी मी तबलजीला हळूच म्हटले, "जरा सांभाळून घ्या." तबलजी मुरलेले, त्यांनी असे सांभाळले, की मुलगा जेथे येई तेथे सम येऊन उभी राही! श्रोत्यांनी माना डोलावल्या. मुलगा घरी गेला तो आपण ताल जिंकला अशा समजुतीने. पुढे परगावी अनोळखी साथीदाराबरोबर तो गायला बसला. त्या साथीदाराने ठेका सरळ धरला, आणि दुसऱ्याच आवर्तनात मुलगा गडबडला तो सावरलाच नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस त्याने गाणे टाकले. दोष त्याचा नव्हता, माझा होता. कार्नेराची कहाणी प्रथम वाचली तेव्हा मला तो मुलगा आठवला.

१० फेब्रुवारी १९३३ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्नेराची लढत एर्नी शाफ याच्याशी झाली. तेराव्या फेरीत शाफ कोसळला. तडाखा काही फार मोठा दिसला नाही, म्हणून प्रेक्षकांनी 'लबाडी, लबाडी' असा गलका केला. लबाडी नव्हती; चार दिवसांनी शाफ इस्पितळात वारला. आदल्या वर्षी मॅक्स बेअरच्या हातून त्याने भयंकर मार खाल्ला होता, आणि मेंदूला अगोदरपासूनच विकार असल्याचे शवचिकित्सेत आढळले. परंतु बनावट लढतींची चटक लावलेल्या लोकांना मरणारा माणूसही सोंग करतो आहे असे वाटावे, याहून त्या बाजाराची निराळी निंदा ती काय करायची?

त्याच वर्षी २९ जूनला जॅक शार्कीला सहाव्या फेरीत खाली पाडून कार्नेरा जगज्जेता झाला. या लढतीबद्दलही पुष्कळांनी शंका घेतली. तथापि एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे: तोवर कार्नेरा थोडेफार शिकला होता. त्याचा डावा हात सरळ आणि लांब जाई, आणि एवढ्या देहाच्या मानाने त्याचे पाऊलही बरे हले. ऑक्टोबरात रोममध्ये स्पेनच्या पावलिनो उझ्कुदूनशी, आणि १ मार्च १९३४ रोजी मायामी येथे टॉमी लफ्रनशी तो पंधरा-पंधरा फेऱ्या लढला आणि गुणांवर जिंकला. लफ्रनहून त्याचे वजन ८६ पौंडांनी जास्त होते. पण कसबी माणसासमोर पंधरा फेऱ्या उभे राहणे केवळ वजनाने होत नाही.

रोममधील लढतीला खुद्द मुसोलिनी हजर होता. काळ्या डगल्यांच्या राजवटीला असा धिप्पाड पुतळा हवाच होता, आणि कार्नेरालाही तो काळा डगला चढविण्यात आला. अमेरिकेत गुंडांनी त्याचा पैसा केला, तर इटलीत सत्तेने त्याची तसबीर केली.

उतार लागला तो १४ जून १९३४ पासून. मॅक्स बेअरला कोणी 'पड' म्हणून सांगितलेले नव्हते. त्या रात्री कार्नेरा पहिल्या फेरीपासून पडत राहिला; मोजणारे अकरा वेळा म्हणतात. अकराव्या फेरीत पंचांनी लढत थांबविली. ज्या माणसाला भित्रा, बुजगावणे असे म्हणत आले, तो दर वेळी पुन्हा उठून उभा राहत होता. माझ्या मते त्याच्या मुष्टियुद्धातील सगळ्यांत खरी रात्र ही. पुढच्या वर्षी २५ जूनला यांकी स्टेडियमवर जो लुईने त्याला सहाव्या फेरीत संपविले. इटलीतील वर्तमानपत्रांना तर जमिनीवर पडलेल्या कार्नेराचे छायाचित्र छापू नये असे हुकूम गेले! १९३६ साली लिरॉय हेन्सने त्याला दोनदा हरविले. दुसऱ्या लढतीत पाय लुळा पडून तो इस्पितळात गेला. शय्येजवळ बसायला त्या मंडळींपैकी कोणी उरले नव्हते. त्याच्या नावावर लक्षावधी डॉलर जमले; त्यांतले त्याच्या हाती फारच थोडे लागले.

येथे आपल्याकडील गामाची आठवण होते. त्यालाही लहानपणीच आश्रय मिळाला, दतियाच्या दरबाराचा. परंतु त्या आश्रयाचा अर्थ खुराक, उस्ताद आणि वेळ असा होता. १९१० साली लंडनमध्ये झ्बिस्कोने त्याला अडीच तासांच्या आसपास खोळंबून धरले. १९२८ साली पतियाळात गामाने त्याच झ्बिस्कोला मिनिटाच्या आत चीत केले. आपले राजेरजवाडे काही साधुसंत नव्हते. पण पैलवानाला पोसणे आणि पैलवानावर पोसणे, यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

कार्नेरा इटलीला परतला. १९३८ साली मधुमेहाच्या दुखण्यात त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले. १९३९ मध्ये त्याने पिना कोव्हाचिच या मुलीशी लग्न केले. महायुद्ध संपल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, पोटासाठी तो पुन्हा रिंगणात उतरला. लुइजी मुसिना याने त्याला तीनदा हरविले, आणि मुष्टियुद्धाचा अध्याय १९४६ साली मिटला. लढतींची संख्या शंभराच्या वर गेली होती.

माणूस संपला असे कोणीही म्हटले असते. पण त्याच वर्षी कार्नेरा पुन्हा अमेरिकेत गेला, आणि जत्रेत सोडलेली कुस्ती त्याने परत धरली. ही कुस्ती म्हणजे आपल्या लाल मातीतली नव्हे. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ज्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना पुढे मुंबईत झुंबड उडे, तिच्याच जातीची ही अमेरिकन धंदेवाईक कुस्ती. आपल्याकडचे जाणकार हिला नाक मुरडून नुरा कुस्ती म्हणतील, आणि निकाल आधी ठरतो हे खरेच आहे. पण यात एक भेद आहे. येथे दोन्ही गड्यांना ठरलेले माहीत असते. एकाने उचलायचे, दुसऱ्याने पडायचे, आणि पडताना हाड मोडू नये म्हणून दोघांनी एकमेकांना जपायचे. जुगलबंदीत दोघे वादक कोठे भांडायचे आणि कोणत्या तिहाईवर एकत्र यायचे हे खुणेने ठरवितात; त्याला आपण फसवणूक म्हणत नाही. कार्नेराला आयुष्यात प्रथमच साथीदाराची खूण कळत होती.

आणि लोक त्याला पाहायला आले, थव्यांनी आले. पंधराएक वर्षे तो अमेरिकेत आणि परदेशी कुस्त्या खेळला. या वेळी मिळकत त्याच्या घरी गेली. कॅलिफोर्नियात त्याने बिऱ्हाड केले, मुले शिकविली, दुकान घातले. १९५३ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला. ज्या जो लुईने त्याला लोळविले होते, तो थोर जगज्जेताही १९५६ मध्ये कराचे देणे फेडण्यासाठी याच कुस्तीच्या आखाड्यात उतरला. मुष्टियुद्धाच्या बाजाराने आपली माणसे कशी वापरली, याची ही दुसरी साक्ष.

चित्रपटांतही कार्नेरा दिसतो. १९४९ च्या 'मायटी जो यंग'मध्ये तो एका प्रचंड वानराशी झुंजतो. १९५५ मध्ये कॅरोल रीड यांच्या चित्रपटात त्याने पैलवानाचीच भूमिका केली. पण त्याला सलला तो निराळाच चित्रपट. बड शुल्बर्ग यांची 'द हार्डर दे फॉल' ही कादंबरी १९४७ साली निघाली, आणि १९५६ साली तिच्यावर हंफ्री बोगार्टचा चित्रपट आला. गुंडांनी बनावट लढतींतून वर चढविलेला एक भोळा महाकाय मुष्टियोद्धा, ही त्याची कथा. नाव दुसरे, पण चेहरा कोणाचा हे सगळ्यांनी ओळखले. कार्नेराने दावा लावला, आणि तो हरला. आपले आयुष्य इतरांनी ठरविले हे ऐकून घेणे एक वेळ सोसते. ते पडद्यावर, तिकीट लावून, सगळ्या जगाला दाखविलेले कसे सोसावे?

१९६७ च्या उन्हाळ्यात, शरीर पोखरले गेल्यावर, तो सेक्वाल्सला परतला. २९ जून रोजी त्याने तेथे देह ठेवला. चौतीस वर्षांपूर्वी याच तारखेला तो जगज्जेता झाला होता. त्याचे घर त्या गावात आजही उभे आहे, आणि फरशी घडविणाऱ्या कारागिरांच्या त्या गावाला त्याचा अभिमान आहे.

कार्नेरा खरा होता की बनावट, हा वाद मुष्टियुद्धाचे अभ्यासक अजून घालतात. मला तो वाद अपुरा वाटतो. बनावट होती ती त्याच्याभोवतीची टाळी. माणूस मेहनती होता. शिकविले तेवढे शिकला, मारले तेवढ्या वेळा उठला, आणि संधी मिळताच स्वतःच्या घामाची भाकरी खाऊन दाखविली. त्याला आरंभी कोणी खरे सांगितले असते, चार पराभव लौकर पचू दिले असते, तर तो कदाचित जगज्जेता झाला नसता; पण त्याला आपला हात किती लांब पोचतो हे तरी वेळीच कळले असते.

असो. माझा तो विद्यार्थी अलीकडे पुन्हा येऊ लागला आहे. केस पिकू लागलेत, आणि हातावर ताल धरून तो एकतालाची आवर्तने मोजतो. चुकला की मी थांबवितो. आणि वार्षिक समारंभात तबलजींना मी आता एवढेच सांगतो, की ठेका सोडू नका. मुलगा पडला तर पडू द्या, मी येथेच बसलो आहे.