टायर मोठे झाले, किलोमीटर कोठे गेले?

कपड्याच्या धंद्यात गज खोटा असेल तर सगळा हिशेब खोटा. ही गोष्ट आम्हा व्यापाऱ्यांना कोणी शिकवावी लागत नाही. मात्र दारात उभ्या असलेल्या गाडीलाही एक गज असतो आणि तोही खोटा होऊ शकतो, हे आम्हाला वयाची पन्नाशी उलटल्यावर कळले. ते कळेपर्यंत आमच्या हातून एका प्रामाणिक माणसावर अन्याय झाला. इतर व्यापारी बंधूंच्या हातून तसे होऊ नये म्हणून हा अनुभव येथे मांडत आहोत.

आमची जुनी पिकअप गाडी मालेगावहून ग्रे कापडाचे तागे घेऊन भिवंडीला जाते आणि परतीला सूत आणते. आग्रा रोडने जाऊन-येऊन एक फेरी सुमारे ४८० किलोमीटरची. एका पावसाळ्यात खड्ड्यांनी टायर खराब झाले. टायरवाल्याने सल्ला दिला, "सेठ, एक नंबर मोठा टायर टाका. गाडी उंच बसेल, खड्डे जाणवणार नाहीत." कंपनीचा टायर २१५/७५ आर १५ या मापाचा होता, त्याने २३५/७५ आर १५ बसवून दिला. मीटरचा विषय त्याने काढला नाही आणि आम्हीही विचारले नाही.

पुढच्या महिन्यापासून मुनीमजींच्या वहीत डिझेलचा मेळ बसेना. पूर्वी गाडी लिटरला १२ किलोमीटर देत होती, ती आता साडेअकरावर आली. आठ फेऱ्यांच्या महिन्यात सुमारे १३ लिटर डिझेल जादा गेलेले दिसू लागले. पैशाच्या हिशेबाने ही अकराशे-बाराशे रुपयांची गोष्ट. दोन महिने असेच चालले आणि आमच्या मनात शंका आली. आमचे ड्रायव्हर चाचा वीस वर्षांपासून आमच्याकडे आहेत. तरी आम्ही त्यांच्या पगारातून रक्कम कापली.

चाचांनी आवाज चढवला नाही. ते एवढेच म्हणाले, "सेठ, फेरीला डिझेल पूर्वी ४० लिटर लागत होते, आताही ४० च लागते. पण वहीत पाहा, पूर्वी फेरी ४८० ची होती, आता ४६० ची झाली. रस्ता तोच आहे. मग वीस किलोमीटर कोणी खाल्ले?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. वही उघडली तर चाचांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. आम्ही फक्त शेवटचा सरासरीचा आकडा पाहत होतो; एका फेरीचे किलोमीटर कोणी पाहिलेच नव्हते.

आता हे घडते कसे ते पाहू. जुन्या गाडीचे मीटर रस्ता मोजत नाही, ते फेरे मोजते. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर एक लहान दातेरी चाक असते. ते केबल फिरवते आणि केबल मीटर फिरवते. अमुक इतके फेरे म्हणजे एक किलोमीटर, हे कारखान्यात मूळ टायर धरून ठरलेले असते. मूळ टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी सुमारे २ मीटर २१ सेंटिमीटर पुढे जाते. नव्या टायरचा व्यास ७३३.५ मिलिमीटर, म्हणून एका फेऱ्यात ती सुमारे २ मीटर ३० सेंटिमीटर जाते. गजपट्टी लांब झाली, पण मोजणारा जुन्याच गजाने मोजत राहिला! फरक सव्वाचार टक्क्यांचा. ४८० किलोमीटर चालून मीटरवर ४६० पडणार, हे उघडच आहे.

नुकसान डिझेलच्या हिशेबापुरते नाही. गाडी किलोमीटरवर भाड्याने देणाऱ्याचे भाडे बुडते. दहा हजारांवर बदलायचे ऑइल खरे तर १०,४०० च्या पुढे गेल्यावर बदलले जाते. गाडी विकताना घेणाऱ्याला कमी चाललेली गाडी म्हणून जास्त चाललेली दिली जाते. काट्याने ८० दाखवले तर गाडी ८३ च्या वर असू शकते, आणि रस्त्यावरचा कॅमेरा आपल्या काट्याला विचारत नाही.

येथे एक बारकावा आहे. पुष्कळ कंपन्या वेगाचा काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. त्यामुळे मोठा टायर टाकल्यावर वेगाचा काटा उलट अगदी बरोबर दिसू लागतो आणि माणूस निर्धास्त होतो. किलोमीटरचा आकडा मात्र मागे पडतच असतो. म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावेत. आम्ही टायरमध्ये हवा बरोबर भरून हमरस्त्यावर मैलाच्या दगडांनी २० किलोमीटर मोजले, मीटरवर १९.२ पडले. एकाच दगडावर भरवसा ठेवू नये, लांब टप्पा घ्यावा. वेगासाठी मोबाइलमधील जीपीएस चालते. सरळ रस्त्यावर एकसारखी गाडी ठेवावी आणि आकडा शेजारी बसलेल्याने वाचावा.

इलाज अवघड नव्हता. केबलच्या टोकाला २४ दात्यांचे पिनियन होते, मिस्त्रीने २३ दात्यांचे बसवले. दाते कमी झाले की केबल जलद फिरते. २४ भागिले २३ केले की फरक ४.३५ टक्के येतो, म्हणजे आपली तूट जवळजवळ पुरी भरून निघते. नव्या गाड्यांत केबल नसते, सेन्सर असतो. तेथे अधिकृत वर्कशॉपमध्ये संगणक जोडून टायरचे नवे माप भरता येते का, हे आधी विचारावे. ज्या गाडीत ते होत नाही तेथे सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये सिग्नल दुरुस्त करणारा डबा बसवतात. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत हे काम टाळूच नये, कारण तेथे गिअर केव्हा बदलायचा हे वेगाच्या आकड्यावरही ठरते.

गिअरचा प्रश्न याहून मोठा आहे. टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर जड होतो. चार टक्क्यांत हे फारसे जाणवत नाही. कसारा घाटात भरलेली गाडी एक गिअर खाली घेतली की भागते. पण काही तरुण मंडळी हौसेने ३१ इंची टायर टाकतात. मूळ २१५/७५ आर १५ शी तुलना केली तर हा फरक १२ टक्क्यांचा होतो. इंजिन ओढत नाही, क्लच जळतो आणि ब्रेकलाही जास्त जोर लागतो. मग क्राऊन-पिनियन बदलावे लागते. मूळ प्रमाण ४.१० असेल तर सुमारे ४.५९ च्या जवळचे हवे. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढचे आणि मागचे दोन्ही सारखेच बदलावेत. गिअरबॉक्सवरून मीटर चालणाऱ्या गाडीत या बदलाने मीटरही आपोआप जाग्यावर येते. चाकांच्या सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत येत नाही.

आणि कायदा विसरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील कंपनीच्या तपशिलांपासून वेगळे ठरतील असे फेरफार करता येत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. कंपनीने त्या गाडीसाठी कोणती मापे मान्य केली आहेत हे पाहून, गरज असल्यास आरटीओत विचारूनच टायर घ्यावा. त्याची भारक्षमताही तपासावी. आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे की हे टायर झिजले की पुन्हा मूळ मापाचेच घ्यायचे आणि त्या दिवशी २४ दात्यांचे पिनियनही परत बसवायचे.

कापलेली रक्कम आम्ही चाचांना परत केली आणि ज्या गादीवर बसून आळ घेतला होता, तेथेच मुनीमजी व हमालांसमोर त्यांची माफी मागितली. चाचा म्हणाले, "जाऊ द्या सेठ, मीटरचीच चूक होती." पण व्यापारी बंधूंनो, मीटरची चूक सव्वाचार टक्केच होती. बाकीची आमची होती. वीस वर्षांच्या माणसाला चोर ठरवण्याआधी आम्ही वीस किलोमीटर मोजायला हवे होते.